क्लार्क, कुलकर्णी आणि सतारमेकर : धंद्यावरून पडलेल्या आडनावांची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय आडनावांचा आहे. म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकाचा आहे, कारण आडनाव आपण निवडत नाही. ते आपल्याला चिकटलेलं असतं. कुठून चिकटलं, कुणी चिकटवलं, याचा विचार आपण सहसा करत नाही.

सुरुवातीला एक छोटा प्रयोग करू. ‘हॅरी पॉटर’चं मराठी करा. हॅरीचा हरी करू. पॉटर म्हणजे? कुंभार. हरी कुंभार. बघा, हसलात सगळे! आता पुढचं बघा. मार्गारेट थॅचर. थॅच म्हणजे गवताने छप्पर शाकारणं, आणि थॅचर म्हणजे शाकारणारा. अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर. कार्टर म्हणजे गाडीवान. विमान उडवणारे राईट बंधू. या राईटचा अर्थ घडवणारा कारागीर, बहुतेक वेळा लाकडात काम करणारा. म्हणजे आपल्या भाषेत सुतारच की!

मग हसू कशाचं आलं? अर्थ तर तोच आहे. पॉटर हे नाव ऐकून इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे चाक फिरत नाही. कुंभार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाक येतं, कुंभारवाडा येतो, आणि खरं बोलायचं तर जातही येते. दोन्ही आडनावं एकाच कामावरून पडली. एकातून काम निघून गेलं आणि दुसऱ्यात ते राहिलं. असं का झालं, हे आज समजून घ्यायचं आहे. त्यासाठी इंग्लंडमधून एकच आडनाव घेऊ आणि त्याच्याशेजारी आपल्या सातारा-सांगलीकडची आडनावं ठेवून बघू.

क्लार्क म्हणजे कोण?

ते आडनाव आहे क्लार्क. ऑफिसात टेबलामागे बसतो तोच क्लार्क.

शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत आहे. ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाट्याला आलेला हिस्सा, वारशाने आलेला वाटा. त्यावरून लॅटिनमध्ये ‘क्लेरिकुस’ झालं. देवाच्या वाट्याला गेलेला, चर्चच्या सेवेतला माणूस असा त्याचा अर्थ. आता मध्ययुगातल्या युरोपात लिहिता-वाचता येणारी माणसं बहुतेक चर्चमध्येच सापडायची. राजाला पत्र लिहायचं आहे, जमीनदाराला हिशेब ठेवायचा आहे, तर बोलवा चर्चमधल्या माणसाला. असं होता होता ‘चर्चचा माणूस’ हा अर्थ मागे पडला आणि ‘लिहिणारा माणूस’ हा अर्थ पुढे आला.

लिहिता-वाचता येण्याला किती किंमत होती बघा. इंग्लंडात एके काळी खटल्यात सापडलेल्या माणसाला बायबलमधला उतारा वाचून दाखवता आला, तर तो चर्चचा माणूस समजला जायचा आणि काही गुन्ह्यांत फाशीतून वाचू शकायचा. ही सवलत कायद्याने पूर्ण रद्द झाली ती १८२७ साली.

तुम्ही म्हणाल, चर्चचा माणूस ब्रह्मचारी. मग त्याचं आडनाव पुढे चाललं कसं? तर चर्चमध्ये खालच्या पायऱ्यांवरच्या सेवकांना लग्नाची मुभा असायची. त्यांचे संसार झाले, मुलं झाली आणि नाव पुढे गेलं.

उच्चाराचीही एक गंमत आहे. इंग्लंडात कारकुनाला ‘क्लार्क’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘क्लर्क’. आपण हा शब्द इंग्रजांच्या तोंडून ऐकला, म्हणून आपला क्लार्क. आडनाव लिहिताना बहुतेकांनी उच्चाराप्रमाणे ‘ए’ हे अक्षर घातलं. काही घराण्यांनी मात्र जुनं ‘ई’ तसंच ठेवलं.

असंच जुनं स्पेलिंग ठेवणाऱ्या एका माणसाचा साताऱ्याशी फार जवळचा संबंध आहे. सर जॉर्ज क्लार्क, मुंबईचे गव्हर्नर. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली गादीवरून काढलं आणि त्यांच्या भावाला, शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांना बसवलं. हे आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. पोटी मूल नव्हतं, मरण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. कलकत्त्याला नुकताच लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आला होता, आणि त्याला दत्तक मान्य नव्हता. तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरने, म्हणजे या क्लार्कने, उलट मत दिलं. १८१९ च्या तहात राज्य राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना दिलेलं आहे, तेव्हा दत्तक वारस मानला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं नाही. त्याच सुमाराला तो पदावरून गेला, त्याच्या जागी लॉर्ड फॉकलंड आला आणि सातारचं राज्य खालसा झालं.

आता या माणसाच्या आडनावाचा अर्थ कारकून. आणि माणूस गव्हर्नर! या गोष्टीचं त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही. ‘कारकुनाचं पोर गव्हर्नर झालं’ असं कुणी म्हणालं नाही. आपला प्रश्न इथेच सुरू होतो.

तिकडे नाव गोठलं, काम मोकळं राहिलं

इंग्लंडात साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात आडनावं स्थिर होत गेली. त्याआधी एकाच गावात दहा जॉन असायचे. मग लोहारकाम करणारा जॉन तो जॉन स्मिथ, शिवणारा तो जॉन टेलर, दळणारा तो जॉन मिलर. सुरुवातीला हे वर्णन होतं. बापाचा धंदा मुलाने बदलला तर नावही बदलायचं. पुढे कागदपत्रं वाढली. जमिनीचे करार, कोर्टाचे दस्त, कराच्या याद्या. १३७७ ते १३८१ या काळात तीनदा डोईपट्टी बसली, तेव्हाच्या याद्यांत अशी नावं भरभरून सापडतात. कागदावर एकदा ‘स्मिथ’ लागलं की मुलाने शिवणकाम धरलं तरी तो स्मिथच राहिला.

म्हणजे तिकडे झालं काय? आडनाव वंशपरंपरागत झालं, पण काम झालं नाही. मुलगा पुष्कळदा बापाचाच धंदा करायचा हे खरं, पण तो करायलाच हवा असा दंडक नव्हता आणि दुसऱ्याने तो करू नये असाही नव्हता. चार-पाच पिढ्यांत नावाचा आणि कामाचा संबंध तुटला. स्मिथ हे आज इंग्लंडमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे, पण त्या लाखो स्मिथांकडे बघून कुणाला ऐरण आठवत नाही.

इकडे काम हेच वतन झालं

आता आपल्याकडे या. क्लार्कला सर्वांत जवळचं आपलं आडनाव कुठलं? कुलकर्णी.

‘करण’ म्हणजे लेखन, दफ्तर. जुन्या कोरीव लेखांत ‘करणिक’ म्हणजे लेखनिक. तेलुगू भागात गावच्या हिशेबनिसाला ‘करणम’ म्हणायचे, तो याच घरातला शब्द. आणि ‘कुळ’ म्हणजे जमीन कसणारं, सारा भरणारं घर. आपण अजूनही ‘कूळकायदा’ म्हणतो, त्यातलं कूळ. गावातल्या कुळांचं दफ्तर ठेवणारा तो कुलकर्णी. कुणाकडे किती जमीन, कुणाचा किती सारा, किती भरला, किती थकला, हे सगळं मोडीत लिहून ठेवणारा. काम क्लार्कचंच.

फरक पुढे आहे. हे काम म्हणजे वतन होतं. वतन बापाकडून मुलाकडे जायचं. त्याचे हक्क ठरलेले, मानपान ठरलेला. त्याच्या वाटण्या व्हायच्या, त्याला तक्षिमा म्हणत. ते गहाण पडायचं, विकलंही जायचं. वतनावरून भांडण लागलं की गोतसभा बसायची आणि निवाड्याचा महजर व्हायचा. सातारा भागातली जुनी दफ्तरं अशा तंट्यांनी भरलेली आहेत. इंग्लंडात ‘क्लार्क’ हे नुसतं नाव वारशाने मिळायचं. इथे दफ्तर, लेखणी, त्यावरचा हक्क आणि नाव असा सगळा संच वारशाने मिळायचा.

पण हेही लक्षात ठेवा, की हुद्दा आणि आडनाव सुरुवातीला दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सज्जनगडाच्या समर्थ रामदासांचं उदाहरण घ्या. त्यांच्या घराण्याकडे जांब गावचं कुलकर्ण होतं, पण आडनाव ठोसर. काम कुलकर्ण्याचं, नाव वेगळं. पुढे पुष्कळ घराण्यांत जुनं आडनाव मागे पडलं आणि हुद्दाच आडनाव झाला. म्हणून देशस्थांत कुलकर्णी आहेत, कऱ्हाड्यांत आहेत, कोकणस्थांत आहेत. दोन कुलकर्णी भेटले म्हणजे ते भाऊबंद असतीलच असं नाही. त्यांच्या पूर्वजांचं काम एक होतं, एवढंच.

हुद्दा चढला की नाव कसं चढतं, याचंही उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. कोरेगाव तालुक्यातलं किन्हई. तिथल्या कुलकर्ण्यांच्या घरातले परशुराम त्रिंबक. राजाराम महाराजांच्या काळात ‘प्रतिनिधी’ हे पद निर्माण झालं आणि पुढे ते परशुराम त्रिंबकांकडे आलं. मग त्यांच्या घराण्याचं नावच पंतप्रतिनिधी पडलं. औंधचे राजे ते हेच. किन्हईचं कुलकर्ण ते औंधचं राज्य. मधला पूल म्हणजे एक हुद्दा.

लेखणीवरून पडलेली आणखी आडनावं बघू. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. फर्द, म्हणजे हिशेबाचा कागद, ती लिहिणारा फडणीस. वाका, म्हणजे घडलेली हकीकत, ती टिपून ठेवणारा वाकनीस. आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्मभर त्यांनी जुने कागद जमवले, साताऱ्यात ऐतिहासिक वस्तूंचा संग्रह उभा केला. त्यांचं आडनाव आणि त्यांचं काम यांचा मेळ बसला, पण तो त्यांच्या आवडीमुळे. आडनावाने कुणी त्यांना इतिहासकार केलं नाही.

पाटील : एक हुद्दा, अनेक जाती

आता पाटील. जुन्या ताम्रपटांत ‘पट्टकील’ असा शब्द येतो, त्यावरून पाटील. गावचा मुख्य, सारावसुलीची जबाबदारी त्याची. सांगली जिल्ह्यात कुठल्याही गावात जा. मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, मुस्लिम पाटीलही आहेत. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन. ज्या गावात ज्या घराकडे पाटीलकी, ते घर पाटील.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं तर फारच बोलकं उदाहरण आहे. येडेमच्छिंद्रचे. मूळ आडनाव पिसाळ. पाटीलकीमुळे पाटील. आणि तरुणपणी त्यांनी नोकरी कुठली केली? तलाठ्याची. तलाठी म्हणजे कुलकर्ण्याच्या जागी आलेला पगारी माणूस. म्हणजे कूळ पिसाळांचं, नाव पाटलांचं, काम कुलकर्ण्याचं. आणि शेवटी हे सगळं सोडून १९४३ नंतर त्यांनी ज्या प्रतिसरकारचं नेतृत्व केलं, त्याने इंग्रजांचा सारा कारभारच इथल्या गावांतून उखडायला घेतला. एका माणसात तीन नावं-कामं एकत्र आली आणि त्यातलं एकही त्याला बांधून ठेवू शकलं नाही.

मग कुंभाराचं काय?

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. कुलकर्णी, पाटील, चिटणीस, पंतप्रतिनिधी. ही हुद्द्याची आडनावं. ती सांगताना कुणाचा आवाज खाली येत नाही. आता दुसरी यादी वाचतो. सुतार, लोहार, कुंभार, परीट, गुरव, मुलाणी, शिकलगार, पिंजारी, तांबोळी. हीसुद्धा कामाचीच आडनावं. शिकलगार म्हणजे हत्यारांना पाणी आणि झिलई देणारा, पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारा, तांबोळी म्हणजे विड्याची पानं विकणारा.

सुतार, लोहार, कुंभार यांचं काम बलुत्याचं होतं. सुताराने गावाचे नांगर, कुळव घडवायचे आणि खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. इथे कामाचं नाव, जातीचं नाव आणि आडनाव तिन्ही एकच झालं. पाटील म्हटल्यावर जात कळत नाही, हे आत्ताच बघितलं. सुतार, कुंभार म्हटल्यावर मात्र ती लगेच कळते, किंवा कळली असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्या मघाच्या हसण्याचं मूळ हे आहे. पॉटर हे नाव कामातून सुटलेलं आहे. कुंभार हे नाव सुटलं नाही, कारण कामच जन्मावर बांधलेलं होतं.

आणि सगळ्यात जाचक बांधणी कुणाची होती? महार वतनाची. गावचे निरोप पोचवा, सरकारी स्वारी आली की राबा, वेळी-अवेळी हाकेला ओ द्या. मोबदला तुटपुंजा, आणि वतन म्हणून सोडताही येत नाही. मुंबई इलाख्याचा १८७४ चा वतन कायदा होता, त्याने हे सगळं वंशपरंपरागत म्हणून बांधून ठेवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. हे वतन म्हणजे मान नसून गुलामी आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

त्यांचं आडनावही आठवा. घराणं सकपाळांचं, गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असं लागलं. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पण गावावरून आडनाव लागलं म्हणून शाळेतली वागणूक बदलली नाही. वर्गात वेगळं बसावं लागलंच. म्हणजे नुसतं नाव बदलून सुटका होत नाही, त्यामागची बांधणी तुटावी लागते.

कायद्याने काय सुटलं, काय राहिलं

ती बांधणी कायद्याने तुटायला वेळ लागला. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. त्याच्याही आधी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावच्या दफ्तरावर एकाच घराची पकड असली की अडाणी कुणब्याचं काय होतं, हे मांडलं होतं. बाकी मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० साली झाला. १ मे १९५१ पासून तो लागू झाला. महार वतनासह कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. महसुली पाटीलकी गेली ती १९६२ च्या कायद्याने. आज पोलीस पाटील असतो, पण तो नेमलेला असतो. बाईही पोलीस पाटील होते, कुठल्याही आडनावाची होते.

म्हणजे हिशेब करा. इंग्लंडात नाव आणि काम यांची फारकत होऊन कित्येक शतकं झाली. आपल्याकडे ती कायद्याने होऊन अजून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. कुलकर्णी वतन जाऊन पाऊणशे वर्षं झाली. इथे बसलेल्या काही जणांच्या आजोबांनी ते दफ्तर डोळ्यांनी पाहिलं असेल. आपल्या आडनावांतून कामाचा वास अजून का येतो, याचं हे साधं उत्तर आहे. त्यात आपल्या रक्तातलं काही नाही. वेळ थोडा गेला आहे, एवढंच.

आडनावं अजून घडतात

आडनावं कायमची असतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. धंदा बदलला की नाव बदलतं, याची दोन उदाहरणं आपल्याच भागातली आहेत.

पहिलं, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं कटगुण. तिथलं गोऱ्हे घराणं. पुढे ते पुण्याकडे गेलं, फुलांचा धंदा करू लागलं, पेशव्यांच्या वाड्यावर फुलं, हार, गजरे पुरवू लागलं. लोक फुले म्हणायला लागले. जोतीराव फुले ते याच घराण्यातले. आज ‘फुले’ हे नाव उच्चारल्यावर कुणाला गजरा आठवतो का? शाळा आठवते, सत्यशोधक समाज आठवतो. सावित्रीबाईही साताऱ्याच्याच, नायगावच्या. एका धंद्यावरून पडलेलं आडनाव या दोघांच्या कामाने इतकं भरून गेलं, की त्याचा मूळ अर्थ सांगावा लागतो.

दुसरं उदाहरण मिरजेचं. मिरजेत शिकलगार होते. तलवारी, भाले यांना झिलई करणारे. इंग्रजी अंमल आला, हत्यारांचं काम आटलं. साधारण १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातल्यांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. भोपळा पंढरपूरकडचा, हात मिरजेचा. सतारी, तंबोरे इतके नावाजले की देशभरातले गवई मिरजेची वाट धरू लागले. आणि या कारागिरांच्या घराण्यांचं आडनाव काय झालं? सतारमेकर! बघा, अर्धा शब्द आपला, अर्धा इंग्रजीतला. सहाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राईट हे आडनाव जसं पडलं, अगदी तसंच हे मिरजेत पडलं. शिकलगारांचे सतारमेकर झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

जन्माने ठरलेल्या कामावरून पडलेलं नाव आणि हाताने नव्याने मिळवलेल्या कामावरून पडलेलं नाव, या दोहोंत फरक आहे. सतारमेकर हे नाव कुणी लादलेलं नाही, ते कमावलेलं आहे.

आडनाव वाचायचं कसं?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जुनी कागदपत्रं शोधायची मोठी लगबग आहे. २०२३ पासून तर कुणबी नोंदींसाठी राज्यभर मोडी दफ्तरं उघडली गेली. गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, शाळेचे दाखले, जुने फेरफार. आणि कुणबी हा शब्दही मुळात कामाचाच. जमीन कसणारा तो कुणबी. कुणाच्या नातवाला दाखला मिळेल की नाही, हे शंभर वर्षांपूर्वी एखाद्या लिहिणाऱ्याने त्या रकान्यात कुठला शब्द लिहिला यावर ठरतं. म्हणून आडनाव आणि रकाना दोन्ही नीट वाचता आले पाहिजेत.

माझं सांगणं एवढंच, की आपल्या घराचा शोध घेताना तीन गोष्टी बघा. हे आडनाव पहिल्यांदा कुठल्या कागदावर, कुठल्या साली दिसतं? ते हुद्द्यावरून आहे, बलुत्यावरून आहे, गावावरून आहे की कुळावरून? आणि त्याच्या आधीचं आडनाव काय होतं? पिसाळांचे पाटील, गोऱ्ह्यांचे फुले, शिकलगारांचे सतारमेकर. तुमच्या घरातही मागे असं काहीतरी सापडण्याचा संभव आहे.

आणि दुसऱ्याचं आडनाव ऐकताना? ते पूर्वी कधीतरी, कुणीतरी, एका गावात काय काम करत होतं ते सांगतं. समोर उभा असलेला माणूस काय करू शकतो, हे त्यात लिहिलेलं नसतं. शाळेत पट मांडताना, नोकरीला माणूस घेताना, पोरीसाठी स्थळ बघताना आपण आडनावाशी थबकतो. तिथे जरा पुढे जाऊन माणसाला विचारायचं, ‘बाबा, तू काय करतोस?’ क्लार्क गव्हर्नर झाला तेव्हा त्याच्या देशात कुणी दचकलं नाही. आपल्याकडे कुंभाराची मुलगी कलेक्टर झाली, तर बातमीत तिचं आडनाव ठळक छापावंसं वाटू नये. तो दिवस आणायचं काम कायद्याने अर्धं केलं आहे. उरलेलं अर्धं आपल्याकडे आहे.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : मुलांच्या भल्यासाठी आडनाव बदलून घ्यावं का? पुष्कळ जण राजपत्रात देऊन बदलतात.

उत्तर : तो ज्याच्या-त्याच्या घरचा निर्णय आहे. ज्याला नावाचा त्रास झाला त्याने ते बदललं, तर त्याला बोल लावायचा आपल्याला अधिकार नाही. फक्त दोन गोष्टी सांगतो. बदलण्यापूर्वीचे दाखले, फेरफार, जुने सातबारे नीट जपून ठेवा. पुढे वारस नोंदीला आणि जातपडताळणीला ते लागतात. आणि मुलांना जुनं आडनाव काय होतं ते लाज न बाळगता सांगा. लपवलं की ते डाग असल्यासारखं वाटायला लागतं.

प्रश्न : तुम्ही ‘कर’ लागणाऱ्या आडनावांबद्दल फारसं बोलला नाहीत. ती धंद्याची नाहीत का?

उत्तर : बहुतेक करून ती गावाची असतात. किर्लोसी गावचे ते किर्लोस्कर. मग गंमत अशी, की त्या किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, माळावर कारखाना उभारला आणि त्या जागेचं नाव झालं किर्लोस्करवाडी. आधी गावावरून आडनाव पडलं, आणि मग आडनावावरून गाव वसलं. आता किर्लोस्करवाडीहून कुणी दुसरीकडे राहायला गेला आणि त्याने किर्लोस्करवाडीकर असं आडनाव लावलं, तर त्याला मात्र मी काही म्हणू शकणार नाही!